अतिअपस्करण व समाश्रयणातील मानक त्रुटी

अतिअपस्करण : एखाद्या सांख्यिकीय प्रतिमानाने गृहीत धरलेल्या प्रमाणापेक्षा प्रत्यक्ष निरीक्षणे अधिक विखुरलेली आढळणे, यास अतिअपस्करण असे म्हणतात. झाडावरील किडींची संख्या, कारखान्यातील अपघात, रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण अशा मोजून मिळणाऱ्या संख्यांच्या, तसेच शेकडा किती बोंडे किडली यांसारख्या प्रमाणांच्या अभ्यासात हा प्रश्न वारंवार उद्भवतो. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास समाश्रयणाने काढलेल्या गुणकांच्या मानक त्रुटी वास्तवापेक्षा लहान दिसतात. परिणामी केवळ योगायोगाने पडलेला फरक खरा मानला जातो. उलटपक्षी अतिअपस्करणाचा योग्य हिशोब केला की मानक त्रुटी मोठ्या होतात व पूर्वी निश्चित वाटलेले निष्कर्ष संशयित ठरतात. मोठ्या मानक त्रुटींची याखेरीज इतरही कारणे असतात. ती एकमेकांपासून वेगळी ओळखणे हा या विषयाचा व्यावहारिक गाभा होय.

मूलभूत संज्ञा : निरीक्षणांची सरासरी म्हणजे माध्य. माध्यापासून प्रत्येक निरीक्षणाचे जे विचलन असते, त्याच्या वर्गांची सरासरी म्हणजे प्रचरण. प्रचरणाचे वर्गमूळ हे मानक विचलन होय. एका राशीच्या मूल्यावरून दुसरीच्या माध्याचे आकलन करण्याच्या रीतीस समाश्रयण म्हणतात, उदा., फवारणी, लागवडीची तारीख व पाऊस यांवरून शेतातील अळ्यांच्या सरासरी संख्येचे आकलन. समाश्रयणात प्रत्येक कारक राशीला एक गुणक मिळतो. तीच पाहणी त्याच रीतीने पुनःपुन्हा केली असती, तर हा गुणक नमुन्यागणिक किती हलला असता, याचे माप म्हणजे त्या गुणकाची मानक त्रुटी. नमुना पुरेसा मोठा असल्यास, गुणकाच्या दोन्ही बाजूंस मानक त्रुटीच्या सुमारे दुप्पट अंतर घेऊन जी पट्टी मिळते, तीत प्राचलाचे खरे मूल्य शंभरांतील सुमारे ९५ प्रसंगी सापडते. या पट्टीस विश्वास अंतराल म्हणतात.

‘त्रुटी’ हा शब्द येथे चूक या अर्थी वापरलेला नाही. मानक त्रुटी ही अनिश्चिततेचे मोजमाप असून ती मोठी असणे हा हिशोबातील दोष ठरत नाही. ती खोटी असणे मात्र निश्चितच दोष होय.

प्वासाँ वंटन : स्वतंत्रपणे व एकाच सरासरी दराने घडणाऱ्या विरळ घटनांची संख्या फ्रेंच गणितज्ञ सीमेऑन देनी प्वासाँ (१७८१–१८४०) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वंटनानुसार येते. या वंटनाचे वैशिष्ट्य असे की, त्याचे प्रचरण माध्याइतकेच असते. मानक विचलनासाठी वेगळे प्राचल नसल्यामुळे माध्य कळले की विखुरणेही ठरून जाते. ही सोय आहे आणि धोकाही आहे. सोय अशी की, थोड्या माहितीवर हिशोब पुरा होतो. धोका असा की, विखुरणे किती हे निरीक्षणांना विचारलेच जात नाही.

या वंटनाचे प्रसिद्ध उदाहरण लाडिस्लाउस फोन बोर्टकीव्हिच (१८६८–१९३१) यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केले. प्रशियाच्या सैन्यातील १० सेनाविभागांत १८७५ ते १८९४ या २० वर्षांत घोड्याच्या लाथेने झालेल्या मृत्यूंच्या या नोंदी होत्या. एकूण २०० विभाग-वर्षांपैकी १०९ मध्ये एकही मृत्यू झाला नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन व एका विभाग-वर्षात चार मृत्यू झाले. एकंदर मृत्यू १२२, माध्य ०·६१ व प्रचरणही ०·६१. रचना भिन्न असल्याने वगळलेले आणखी चार विभाग हिशोबात धरले, तर २८० विभाग-वर्षांत १९६ मृत्यू होतात. माध्य ०·७० व प्रचरण ०·७६ येते. हा फरक एकट्याने निर्णायक नाही, तथापि विषम गट एकत्र केले की प्रचरण कोणत्या दिशेने सरकते ते त्यावरून ध्यानात येते.

अतिअपस्करणाचे स्वरूप : निसर्गात व समाजात प्वासाँ वंटनाच्या अटी क्वचितच पूर्णपणे पाळल्या जातात. मेजर ग्रीनवुड व जॉर्ज उडनी यूल यांनी १९२० मध्ये तोफगोळ्यांच्या कारखान्यातील ६४७ स्त्री-कामगारांच्या पाच आठवड्यांतील अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ४४७ जणींना एकही अपघात झाला नव्हता. १३२ जणींना एक, ४२ जणींना दोन, २१ जणींना तीन, तिघींना चार व दोघींना पाच किंवा अधिक अपघात झाले. माध्य ०·४६५ असताना प्रचरण ०·६९ भरले. प्वासाँ वंटनानुसार अपघातमुक्त स्त्रिया ४०६ असावयास हव्या होत्या. याचा अर्थ, अपघात न होणाऱ्या आणि वारंवार अपघात होणाऱ्या अशा दोन्ही टोकांच्या व्यक्ती अपेक्षेपेक्षा अधिक होत्या. प्रत्येक कामगाराचा अपघाताचा सरासरी दर भिन्न असतो, असे मानून या संशोधकांनी ऋण द्विपद वंटनाची योजना केली.

किडींच्या गणनेचे एक अभिजात उदाहरण चेस्टर ब्लिस व आर. ए. फिशर यांच्या १९५३ च्या निबंधात आढळते. सफरचंदाच्या सहा झाडांवरून प्रत्येकी २५ अशी १५० पाने घेऊन त्यांवरील लाल कोळी मोजले होते. एकही कोळी नसलेली पाने ७० होती. एक कोळी असलेली ३८, दोन असलेली १७, तीन १०, चार ९, पाच ३, सहा २ आणि सात कोळी असलेले पान एक. माध्य १·१५, तर प्रचरण २·२७, म्हणजे जवळजवळ दुप्पट. प्वासाँ वंटनानुसार कोळीविरहित पाने सुमारे ४८ अपेक्षित होती. ऋण द्विपद वंटन लावल्यास हीच अपेक्षा ६७–६८ वर जाते व प्रत्यक्षाच्या जवळ येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : निरीक्षणांचे विखुरणे व संभाव्यतेच्या नियमाने अपेक्षित विखुरणे यांची तुलना करण्याची कल्पना जर्मन सांख्यिकीविज्ञ व्हिल्हेल्म लेक्सिस (१८३७–१९१४) यांनी १८७९ मध्ये पद्धतशीरपणे मांडली. फिशर व रॉथॅमस्टेड येथील त्यांचे सहकारी थॉर्नटन आणि मॅकेन्झी यांनी १९२२ मध्ये मातीतील जीवाणूंच्या गणनेसाठी अपस्करण निर्देशांक वापरला. माध्यापासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज माध्याने भागली की हा निर्देशांक मिळतो. निरीक्षणे प्वासाँ वंटनाची असतील, तर तो काय-वर्ग वंटनानुसार वागतो.

माध्य लहान असता हे काय-वर्गाचे साधर्म्य कितपत टिकते, हा नाजूक प्रश्न होता. त्याचा अभ्यास पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) यांनी केला व प्वासाँ श्रेणीच्या नमुन्यांतील काय-वर्गाच्या वंटनाविषयीचा त्यांचा निबंध १९३८ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकाच्या पुरवणीत प्रसिद्ध झाला. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले सुखात्मे पुढे पीक उत्पादनाच्या नमुना पाहणीचे व पोषणशास्त्राचे जागतिक कीर्तीचे अभ्यासक झाले.

आधुनिक मांडणीचा पाया जॉन नेल्डर व रॉबर्ट वेडरबर्न यांनी १९७२ मध्ये व्यापकीकृत रेषीय प्रतिमानांच्या रूपाने घातला. त्यामुळे संख्या व प्रमाणे यांचे समाश्रयण एकाच चौकटीत करता येऊ लागले. वेडरबर्न यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या आभासी संभाविता पद्धतीत वंटनाचे पूर्ण स्वरूप न सांगता केवळ माध्य व प्रचरण यांचे नाते गृहीत धरणे पुरेसे ठरते.

कारणे : परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात कापूस, सोयाबीन व तूर ही खरिपाची प्रमुख पिके होत. या तालुक्यातील अनेक शेतांत कपाशीवरील किडींची मोजणी केली, अशी कल्पना केल्यास अतिअपस्करणाची बहुतेक कारणे तीत सापडतील.

पहिले कारण विषमता. पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या बाजूची भारी काळी जमीन व डोंगरउतारावरील हलकी, मुरमाड जमीन यांत पिकाची वाढ सारखी होत नाही. ओलिताची सोय, पेरणीची तारीख, वाण, शेजारच्या शेतातील पीक यांतही भेद असतो. प्रत्येक शेताचा अळ्यांचा स्वतःचा सरासरी दर असल्यामुळे सर्व शेते एकत्र केली की दरांतील फरकाचे प्रचरण मूळ प्वासाँ प्रचरणात मिळवले जाते. दुसरे कारण पुंजके. मावा किंवा तुडतुडे पानापानांवर एकसारखे पसरत नाहीत. मादीची अनेक पिले एका जागीच वाढतात. त्यामुळे एका पानावर कीड असणे हे शेजारच्या पानावर ती असण्याची संभाव्यता वाढवते व घटना स्वतंत्र राहत नाहीत. तिसरे कारण सुटलेली कारक राशी. निम्म्या शेतकऱ्यांनी आधीच एक फवारणी केली असेल व तिची नोंद घेतली नसेल, तर तो फरक अनाकलनीय विखुरण्याच्या रूपाने पुढे येतो. चौथे कारण शून्यांचा अतिरेक : काही शेतांत कीड पोहोचलेलीच नसते व तेथील शून्ये निराळ्या प्रक्रियेतून आलेली असतात. याशिवाय एखाद-दुसरी चुकीची नोंद, वा सरळ रेषेत नसलेले नाते सरळ रेषेत बसवण्याचा प्रयत्न, यांनीही आभासी अतिअपस्करण निर्माण होते.

यातील तिसरे व शेवटचे कारण प्रतिमान सुधारून दूर होण्यासारखे असते. म्हणून मानक त्रुटी वाढवण्यापूर्वी प्रतिमान तपासावे, हा क्रम महत्त्वाचा आहे.

अपेक्षेपेक्षा विखुरणे कमी आढळल्यास त्यास न्यूनअपस्करण म्हणतात. ते विरळ असते. समान अंतरावर बसणारे प्राणी किंवा ठराविक मर्यादेपलीकडे न वाढणाऱ्या संख्या यांत ते दिसून येते.

मानक त्रुटींवरील परिणाम : एका कल्पित उदाहरणावरून हा परिणाम स्पष्ट होईल. समजा, जिंतूर तालुक्यातील ६० शेतांपैकी ३० शेतांत निंबोळी अर्काची फवारणी केली व ३० शेते तशीच ठेवली. ठराविक झाडे तपासली असता फवारणी न केलेल्या शेतांत एकूण ९० अळ्या (शेतास सरासरी ३) व फवारणी केलेल्या शेतांत ६० अळ्या (शेतास सरासरी २) आढळल्या. प्वासाँ समाश्रयणात गुणक हा दोन सरासरींच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिथम असतो. तो येथे −०·४०५ येतो. त्याची मानक त्रुटी ९० व ६० यांच्या व्यस्तांकांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे ०·१६७ होय. गुणक मानक त्रुटीच्या २·४३ पट असल्यामुळे फरक लक्षणीय ठरतो. विश्वास अंतरालानुसार घट सुमारे ७ ते ५२ टक्के येते व फवारणीची शिफारस करण्यास हरकत दिसत नाही.

आता प्रत्येक गटातील शेता-शेतांतील प्रत्यक्ष प्रचरण माध्याच्या अडीच पट असल्याचे आढळले, असे समजू. गुणक तोच राहतो, कारण सरासरी बदललेली नाही. मानक त्रुटी मात्र अडीचच्या वर्गमुळाने, म्हणजे १·५८ पटीने वाढून ०·२६४ होते. गुणक आता मानक त्रुटीच्या केवळ १·५४ पट भरतो आणि विश्वास अंतराल ६१ टक्के घटीपासून १३ टक्के वाढीपर्यंत पसरतो. साठ शेतांच्या या पाहणीवरून फवारणी उपयोगी ठरते असे खात्रीने सांगता येत नाही. ती निरुपयोगी आहे, असेही त्यावरून सिद्ध होत नाही. पहिल्या हिशोबाने जो नेमकेपणा दिसला, तो प्रत्यक्षात मिळवावयाचा तर शेतांची संख्याही अडीच पट, म्हणजे १५० करावी लागेल.

या फरकाची किंमत शेतकरी मोजतो. खोट्या नेमकेपणावर शिफारस केली, तर उपयोग नसलेल्या औषधावर व मजुरीवर खर्च होतो. आणि ‘लक्षणीय फरक नाही’ याचा ‘फरकच नाही’ असा अर्थ लावला, तर उपयुक्त उपाय टाकून दिला जातो.

जुन्या कृषिप्रयोगांत हा धोका तुलनेने कमी होता. प्रचरण विश्लेषणात प्रायोगिक त्रुटीचे आकलन पुनरावृत्त वाफ्यांमधील प्रत्यक्ष फरकावरूनच केले जाते. किडींच्या संख्येत अर्धा मिळवून तिचे वर्गमूळ घेण्याची व मग विश्लेषण करण्याची प्रथा कृषी विद्यापीठांच्या प्रयोगांत रूढ झाली, तीतही विखुरणे निरीक्षणांवरूनच ठरते. भारतीय कृषी संशोधकांच्या अनेक पिढ्यांनी व्ही. जी. पानसे व सुखात्मे यांच्या १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून हीच शिस्त आत्मसात केली. संगणकामुळे प्वासाँ समाश्रयण सुलभ झाले, तेव्हा विखुरण्याचे प्राचल एक मानण्याची अट नकळत स्वीकारली जाऊ लागली.

प्रमाणांचे अतिअपस्करण : गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत शेतातून यादृच्छिकपणे २० हिरवी बोंडे घेऊन ती फोडून पाहण्याची रीत आहे. शेकडा १० बोंडे किडकी आढळणे ही आर्थिक नुकसानीची पातळी मानतात. वीसांपैकी दोन बोंडे किडकी निघाली, तर प्रमाण १० टक्के येते. द्विपद वंटनानुसार त्याची मानक त्रुटी ६·७ टक्के आहे. बोंडे मोजक्याच झाडांवरून घेतली असतील व एका झाडावरील बोंडांच्या प्रादुर्भावात सहसंबंध असेल, तर मानक त्रुटी याहून मोठी होते. त्यामुळे बोंडे शेताच्या एकाच कोपऱ्यातून न घेता सर्व भागांतून घ्यावीत, या साध्या सूचनेमागे भक्कम सांख्यिकीय कारण आहे. अशा प्रमाणांसाठी जे. जी. स्केलॅम यांनी १९४८ मध्ये मांडलेले बीटा-द्विपद वंटन उपयोगी पडते. मात्र प्रत्येक निरीक्षण एकेका बोंडाचे ‘किडके’ किंवा ‘चांगले’ असे सुटे व स्वतंत्र असल्यास त्या निरीक्षणांवरून अतिअपस्करण ओळखता येत नाही. होय-नाही स्वरूपाच्या एकाच निरीक्षणाचे प्रचरण त्याच्या माध्याने पूर्णपणे ठरलेले असते. निरीक्षणांचे गट असतील, तरच हा प्रश्न विचारता येतो.

ओळखण्याच्या रीती : प्रत्येक निरीक्षण व त्याचे अपेक्षित मूल्य यांतील फरकाचा वर्ग अपेक्षित प्रचरणाने भागून त्यांची बेरीज करतात. ही बेरीज मुक्तिमात्रांनी (निरीक्षणांच्या संख्येतून गुणकांची संख्या वजा करून येणाऱ्या अंकाने) भागली की अपस्करण गुणांक मिळतो. तो एकाच्या आसपास असणे अपेक्षित असते. वर दिलेल्या अश्वलत्तेच्या उदाहरणात बेरीज १९९·३ व मुक्तिमात्रा १९९, म्हणजे गुणांक १·००. सफरचंदावरील कोळ्यांच्या उदाहरणात बेरीज २९५·४ व मुक्तिमात्रा १४९, म्हणजे गुणांक १·९८. काय-वर्गाचे मानक विचलन मुक्तिमात्रांच्या दुपटीचे वर्गमूळ, येथे १७·३, असल्याने हे आधिक्य सुमारे साडेआठ मानक विचलनांचे आहे. ते योगायोगाने आले असे म्हणता येणार नाही.

अपेक्षित मूल्ये फार लहान असतील, तेव्हा हा गुणांक भरवशाचा राहत नाही. अशा वेळी गटवार माध्य व प्रचरण यांचा आलेख काढणे, अवशेषांचे निरीक्षण करणे आणि शून्यांची अपेक्षित व प्रत्यक्ष संख्या ताडून पाहणे, हे उपाय अधिक बोलके असतात.

उपाययोजना : (१) आभासी प्वासाँ पद्धत : प्रचरण हे माध्याच्या ठराविक पटीत आहे, असे मानून सर्व मानक त्रुटी अपस्करण गुणांकाच्या वर्गमुळाने गुणतात. डेव्हिड फिनी यांनी कीटकनाशकांच्या मात्रा-मृत्यू प्रयोगांसाठी १९४७ च्या आपल्या ग्रंथात वापरलेला विषमता घटक याच जातीचा होता. (२) ऋण द्विपद समाश्रयण : येथे प्रचरण हे माध्य अधिक माध्याच्या वर्गाचा एक अंश, असे मानतात. मोठ्या संख्या असलेल्या शेतांना या पद्धतीत तुलनेने कमी भार मिळतो, म्हणून गुणकही थोडे बदलू शकतात. (३) मिश्र प्रतिमाने : गाव, शेत, झाड या पातळ्यांवरील फरक वेगवेगळे मोजतात. (४) दृढ मानक त्रुटी : प. जे. ह्यूबर (१९६७) व हॅल्बर्ट व्हाइट (१९८०) यांच्या कार्यावर आधारलेल्या या रीतीत प्रचरणाचे सूत्र गृहीत न धरता अवशेषांवरूनच मानक त्रुटी काढतात. गट मोजकेच, उदा., पाच-सहा गावेच असतील, तर ही रीतही मानक त्रुटी लहान दाखवते. (५) शून्याधिक्य प्रतिमाने : शून्यांची प्रक्रिया खरोखरच निराळी असल्याचे विषयाच्या ज्ञानावरून पटत असेल, तेव्हाच ती योजावीत.

पहिल्या दोहोंतील निवड प्रचरण माध्याबरोबर कसे वाढते यावर अवलंबून असते. एल. आर. टेलर यांनी १९६१ मध्ये दाखवले की, अनेक प्राणिजातींच्या गणनेत प्रचरण हे माध्याच्या एखाद्या घाताच्या प्रमाणात वाढते व तो घात बहुधा एकाहून अधिक असतो.

समूह नमुने व पीककापणी : गावे निवडून प्रत्येक गावात काही शेते घेणे, ही नमुना पाहणीतील सर्रास आढळणारी रीत आहे. भारतात पीककापणीचे प्रयोग यादृच्छिक नमुन्यावर उभे करण्याचे काम १९४०–५० या दशकात सुखात्मे, पानसे व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृषी अनुसंधान परिषदेत केले; त्याच सुमारास बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस (१८९३–१९७२) यांनी तागाच्या व भाताच्या मोठ्या पाहण्या केल्या. एका गावातील शेतांना पाऊस, जमीन व पेरणीचा काळ समान असल्याने त्यांचे उत्पादन एकमेकांसारखे असते. म्हणून २० गावांतील प्रत्येकी ५ शेते म्हणजे १०० स्वतंत्र शेते नव्हेत. गावांतर्गत सहसंबंध ०·३ धरल्यास प्रचरण १ + (५ − १) × ०·३, म्हणजे २·२ पटीने वाढते. नेमकेपणाच्या दृष्टीने ही १०० शेते सुमारे ४५ स्वतंत्र शेतांइतकीच असतात. या पटीस अभिकल्प परिणाम म्हणतात.

हा केवळ पुस्तकी मुद्दा नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत विमा क्षेत्रातील पीककापणी प्रयोगांवरून काढलेले सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाहून किती टक्के कमी, यावर भरपाई ठरवण्याची तरतूद झाली. या सूत्रात सरासरी येते, तिची मानक त्रुटी येत नाही. सरासरी उंबरठ्याच्या जवळ असेल, तेव्हा एखाद-दुसऱ्या प्रयोगाची जागा बदलली असती तरी भरपाई मिळणे वा न मिळणे बदलू शकले असते. तालुक्याच्या डोंगराळ व नदीकाठच्या भागांत उत्पादनाचा फरक जितका मोठा, तितकी ही अनिश्चितता अधिक.

कीड सर्वेक्षणातही हेच लागू पडते. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर आलेल्या किडींच्या उद्रेकानंतर महाराष्ट्रात २००९–१० पासून पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प (क्रॉपसॅप) हाती घेण्यात आला. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) या भागातील पिकांच्या संशोधनाचे केंद्र आहे. अशा सर्वेक्षणात मोजक्या गावांत अधिक झाडे तपासण्यापेक्षा अधिक गावांत थोडी झाडे तपासणे बहुधा हितावह ठरते, कारण प्रचरणाचा मोठा वाटा गावा-गावांतील फरकाचा असतो.

मोठ्या मानक त्रुटींची अन्य कारणे : मानक त्रुटी मोठी दिसली की अतिअपस्करणच झाले, असे नाही. पुढील तीन कारणे वेगळी ओळखावी लागतात.

(अ) अपुरा नमुना : मानक त्रुटी निरीक्षणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते; ती निम्मी करण्यास चौपट निरीक्षणे लागतात.

(आ) बहुसहरेषता : दोन कारक राशी जवळजवळ एकच गोष्ट सांगत असतील, तर त्यांचे परिणाम वेगळे करता येत नाहीत. हंगामातील एकूण पाऊस व पावसाचे दिवस यांतील सहसंबंध ०·९५ असेल, तर प्रत्येकाच्या गुणकाचे प्रचरण सुमारे १०·३ पट व मानक त्रुटी ३·२ पट होते. यात प्रतिमानाचे एकूण भाकीत बिघडत नाही. केवळ श्रेयाची वाटणी अनिश्चित होते. यावर मानक त्रुटीची दुरुस्ती हा उपाय नसून एक राशी वगळणे, दोहोंचा संयुक्त निर्देशांक करणे अथवा ज्यांत त्या राशी वेगवेगळ्या वागतात अशी अधिक निरीक्षणे मिळवणे, हा उपाय होय.

(इ) पूर्ण विलगता : होय-नाही स्वरूपाच्या लॉजिस्टिक समाश्रयणात एखाद्या गटातील सर्वच उत्तरे एकसारखी असली, उदा., कामगंध सापळे लावलेल्या बाराही शेतांत नुकसान शून्य असले, तर गुणक अनंताकडे जाऊ लागतो. संगणक १८–२० असा गुणक व हजारांच्या घरातील मानक त्रुटी छापतो. गुणक व मानक त्रुटी यांच्या भागाकारावरून ‘परिणाम नाही’ असा निष्कर्ष येथे पूर्णतः फसवा ठरतो. वस्तुतः परिणाम अतिशय मोठा असण्याचा तो संकेत असू शकतो. वॉल्टर हॉक व अॅलन डॉनर यांनी १९७७ मध्ये या भागाकाराचा हा विचित्र स्वभाव दाखवून दिला. अशा वेळी संभाविता-गुणोत्तर परीक्षा किंवा डेव्हिड फर्थ यांनी १९९३ मध्ये सुचवलेली सुधारित संभाविता पद्धत वापरावी.

या कारणांतील भेद ओळखण्याची एक सोपी खूण आहे. अतिअपस्करणाची दुरुस्ती आभासी प्वासाँ पद्धतीने केली असता सर्वच गुणकांच्या मानक त्रुटी एकाच पटीने वाढतात. बहुसहरेषतेत परस्परसंबद्ध राशींच्याच मानक त्रुटी फुगतात. विलगतेत एखादाच गुणक व त्याची मानक त्रुटी अवास्तव होते. आणि अपुऱ्या नमुन्यात सर्व मानक त्रुटी मोठ्या असूनही अपस्करण गुणांक एकाजवळच राहतो.

निष्कर्षांचे वाचन : गणनेवर आधारलेल्या कोणत्याही अहवालात गुणकांबरोबर मानक त्रुटी किंवा विश्वास अंतराल, अपस्करण गुणांक, तसेच निरीक्षणे व गट यांच्या संख्या दिलेल्या असाव्यात. अपस्करण गुणांक एकाहून बराच अधिक असून मानक त्रुटी साध्या प्वासाँ किंवा द्विपद सूत्राने काढल्या असतील, तर वाचकाने त्या गुणांकाच्या वर्गमुळाने स्वतः गुणून पाहाव्यात. बहुतेक प्रसंगी एवढ्याने निष्कर्षाची खरी ताकद कळते. गुणांक चार-पाचाच्या पलीकडे गेला असेल, तर केवळ गुणाकार पुरेसा नसतो. एखादी महत्त्वाची कारक राशी सुटली आहे काय, याचा शोध प्रत्यक्ष शेतात जाऊनच घ्यावा लागतो.